सतरा नंबरची बरणी

आमच्या जळगावात समुद्र नाही, ही गोष्ट कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना कोणी कधी नीट समजावून सांगितली नसावी. मे महिन्यात जिथे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं आणि नळाला पाणी कधी येणार हाच गल्लीतला मुख्य विषय असतो, त्या गावात हा माणूस उभी हयात समुद्राच्या तळाशी बसलेल्या एका प्राण्याच्या नादी लागला होता. नादी लागायला निदान काही रूप तरी हवं. स्पंजाला ना डोकं, ना पोट, ना हातपाय. जन्मभर एका जागी चिकटून बसायचं, अंगावरच्या बारीक भोकांनी पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाण्याजोगं ठेवून घ्यायचं आणि वरच्या मोठ्या भोकाने बाकीचं सोडून द्यायचं. "एवढाच संसार," सर वर्गात सांगायचे, "पण कोणाबद्दल तक्रार नाही." स्पंजाच्या घरी आपलं नेहमीचं जाणं-येणं असल्यासारखं ते बोलायचे.

घरी भांडी घासायच्या पिवळ्या तुकड्याला स्पंज म्हणायची बंदी होती. त्याला फोम म्हणायचं. वाढदिवसाच्या केकला स्पंज केक म्हटलेलं त्यांना चालायचं, पण कापण्याआधी ते त्यातली भोकं बघून घ्यायचे आणि "पाणी जायला वाट नाही" असा शेरा मारून मग खायचे. जळगावच्या बसस्थानकावरची बस म्हणजे चाकांवरचा स्पंज आहे, असंही त्यांचं मत होतं. माणसं मोठ्या दाराने बाहेर पडायच्या आत खिडक्यांतून आत घुसतात, म्हणून.

सरांना विद्यार्थ्यांची नावं लक्षात राहत नसत. रोल नंबर मात्र ते कधी विसरले नाहीत. मी बी.एस्सी.ला त्यांची विद्यार्थिनी, माझा नंबर चाळीस. पुढे एम.एस्सी. करून मी त्याच विभागात शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये माझी ओळख करून दिली, "या आपल्या नवीन चाळीस मॅडम." सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मी 'चाळीस मॅडम' आणि 'तुम्ही'. पाच वाजले की नुसती 'चाळीस' आणि 'तू'. एकदा पाचला दोन मिनिटं कमी असताना त्यांना मला रागवायचं होतं. ते घड्याळाकडे बघत थांबले आणि पाचचा टोला पडल्यावर रागावले. माझ्या लग्नात आहेराच्या पाकिटावर त्यांनी 'चि. सौ. कां. चाळीस हिस' असं लिहिलं होतं. सासरच्या मंडळींनी माझ्या वयाबद्दल बराच काळ शंका धरली.

माणसांची वर्गवारीही ते स्पंजाच्याच हिशेबाने लावायचे. स्पंजाचे वर्ग त्याच्या सांगाड्यावरून ठरतात. अंगात बारीक सुया असतात, त्या चुनखडीच्या आहेत की काचेच्या, का सुयांऐवजी नुसते चिवट धागे आहेत, यावर सगळं अवलंबून. सुयांना सर 'कंटिका' म्हणायचे, पण आम्हाला झेपावं म्हणून सुयाच म्हणत. आमचे प्राचार्य चुनखडीच्या वर्गातले. जरा आंबट थेंब पडला की फसफसायचे. हिशेबतपासनीस काचेच्या वर्गातले, खोल पाण्यात राहणारे, दिसायला सुंदर आणि हात लावला की बोचणारे. बाकी उरलेली जनता डेमो नावाच्या मोठ्या वर्गात, ज्यात सगळंच चालतं. स्वतःला ते डेमोमध्येच धरायचे. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, धुळ्याकडच्या. त्या मला चहा देताना म्हणायच्या, "इचारा तुमना सरले, मी कोनती बरनीमा शे." सर वर्तमानपत्र वर धरायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी काकूंचा वर्ग जाहीर केला नाही, हे त्यांच्या शहाणपणाचं लक्षण मानायला हरकत नाही.

आता घंटेचं सांगायला हवं. प्रात्यक्षिक परीक्षेत टेबलांवर ओळीने नमुने मांडलेले असतात. रोल नंबराप्रमाणे मुलं रांगेत, एकेका नमुन्यापुढे एकेक मिनिट. ओळखायचं, लिहायचं, घंटी झाली की पुढच्या टेबलावर सरकायचं. सरांची घंटा पितळेची होती, काकूंच्या देवघरातली. परीक्षेच्या आठवड्यात काकूंच्या देवांना नुसत्या टाळ्यांवर भागवावं लागे. सरांचं मिनिट म्हणजे साठ सेकंद, एकसष्टावं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांची चुळबुळ जेवणासाठी चाललेली असायची, पण सर एका हातात घड्याळ आणि दुसऱ्यात घंटा घेऊन उभे. घंटी झाल्यावर जो रेंगाळला त्याची खैर नसे.

आणि या सगळ्या परीक्षांचा मुकुटमणी म्हणजे सतरा नंबरची बरणी.

तिची कथा प्रत्येक तुकडीला ऐकावी लागायची. फार पूर्वी सरांनी विद्यार्थ्यांची सहल कोकणात नेली होती. मुलं समुद्राकडे तोंड करून फोटो काढत होती आणि सर समुद्राकडे पाठ करून, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून ओहोटीच्या खडकांतले दगड उलटे करत होते. तिथे त्यांना किनाऱ्यावर वाहून आलेला मुठीएवढा स्पंज सापडला. काकूंनी चिवडा भरून दिलेल्या स्टीलच्या डब्यातला चिवडा मुलांत वाटून टाकला आणि डब्यात स्पंज बसवला. परतीच्या प्रवासात नाशिक सुटल्यावर डब्याने वास मारायला सुरुवात केली. कंडक्टरने बोंबील कोणी आणलेत म्हणून चौकशी केली. सर उभे राहून म्हणाले, "मासा नाही. प्राणी आहे. मेलाय, पण प्राणी आहे." धुळे येईपर्यंत पुढच्या सगळ्या सीटा रिकाम्या झाल्या होत्या आणि सर पाय पसरून बसले होते.

तो स्पंज कॉलेजात आणून धुतला, वास जाईपर्यंत पसरट ट्रेमध्ये भिजत ठेवला, उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर वाळवला. जूनमध्ये सरांनी त्याच्या कडेचा एक कण कापून काचपट्टीवर ठेवला, वर आम्लाचा थेंब टाकला. फस्सकन फेस आला. चुनखडी. सरांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली, 'वर्ग कॅल्केरिया', खाली 'ओळख' लिहून आपली सही केली आणि ती बरणी सतरा नंबरला लावली. प्रयोगशाळेतल्या बाकीच्या बरण्या कंपनीकडून चिठ्ठ्यांसकट विकत आलेल्या. सतरा नंबर तेवढी सरांनी स्वतः ओळखलेली. आयुष्यात त्यांनी शोधनिबंध लिहिला नाही, पुस्तक लिहिलं नाही. जे काही होतं ते त्या बरणीत होतं. वर्षातून एकदा तिचं झाकण उघडायचं, कण कापायचा, थेंब टाकायचा, मुलांनी फेस बघायचा आणि वहीत कॅल्केरिया लिहायचं. आमच्या वेळी एका मुलीने विचारलं होतं, "सर, खाली काय राहतं?" सर म्हणाले, "फेस राहतो, बाळ. पुढे चल."

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी हा प्रयोग शेवटचा म्हणून विभागातले आम्ही सगळे मुद्दाम जमलो होतो. कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरणही करत होतं. एवढ्या वर्षांच्या कापाकापीने स्पंज लिंबाएवढा उरला होता. सरांनी अगदी आतल्या भागातला कण कापला, थेंब टाकला आणि सवयीने म्हणाले, "बघा, फेस." फेस नव्हता. त्यांनी दुसरा थेंब टाकला. तिसरा टाकला. कण काचपट्टीवर गप्प पडून होता. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग चित्रीकरण करणाऱ्याला म्हणाले, "ते बंद करा," आणि मुलांना सुट्टी दिली.

मी डोळा लावला तेव्हा मला दिसल्या त्या सुया. स्वच्छ, सरळ, चकचकीत. आम्लात तसूभरही न विरघळलेल्या. चुनखडीच्या सुया असत्या तर एव्हाना त्यांचं पाणी झालं असतं.

"आप्पांना बोलवा," सर म्हणाले.

आप्पा आमच्या प्रयोगशाळेतले सर्वांत जुने मदतनीस, शिंदखेड्याकडचे, निवृत्त होऊनही रोज चहाला येणारे. सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, त्या उन्हाळ्यात ट्रेमधल्या स्पंजाचं नेमकं काय केलं होतं.

"काय करसू? तुम्हीच सांगं व्हतं ना, सुकाले नको पाहिजे," आप्पा म्हणाले. "मंग मी रोज सकाय-संध्याकाय पानी टाकं. महिनाभर. एक दिन खाडा नही."

"कुठलं पाणी?"

"बोरनं. नळले पानी व्हतं कोठे?"

आमच्या कॉलेजच्या बोअरचं पाणी असं आहे की त्यात चहा उकळला तर पातेल्याला पांढरा थर बसतो आणि नवा नळ दोन पावसाळ्यांत म्हातारा होतो. ते पाणी मे महिन्याच्या उन्हात रोज आटत होतं आणि आप्पा इमानाने रोज भर घालत होते. पाणी उडून जायचं, चुना मागे राहायचा. महिनाभरात त्या बिचाऱ्या स्पंजाच्या अंगावर भोकाभोकांतून जळगावचा चुना बसला. पुढे इतकी वर्षं सर ज्याची परीक्षा घेत होते तो समुद्रातला सांगाडा नव्हताच, आमच्या बोअरचा खार होता. वरचा भाग कापून कापून संपला आणि आतला खरा स्पंज उघडा पडला. आप्पांना यातलं काही कळलं नाही. आपल्या कामाची इतक्या वर्षांनी चौकशी होते आहे याचाच त्यांना आनंद झाला होता. सरांनी त्यांना दोष न देता त्यांच्यासाठी चहा मागवला.

पाच वाजून गेले होते. मी सरांजवळ जाऊन हळूच म्हणाले, "सर, सोडून द्या ना. चिठ्ठी बदलू. तुमच्यानंतर मीच हा भाग शिकवणार आहे, मी बरोबर शिकवीन. कोणाला कळायचंय?" हे मी चांगल्या मनाने म्हटलं होतं. तीन आठवड्यांवर निरोप समारंभ होता. शाल-नारळ आले होते आणि माझं भाषणही लिहून झालं होतं. त्यात सतरा नंबरच्या बरणीवर एक अख्खा परिच्छेद होता.

सर रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त लागलं. "चाळीस," ते म्हणाले, "मी चुकीचं शिकवलंय. ज्यांना शिकवलं ते सगळे अजून आहेत. मग सोडून कसं द्यायचं?"

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेतल्या जुन्या हजेऱ्या कपाटातून निघाल्या. सर एकेका तुकडीला पोस्टकार्डं लिहायला बसले. मजकूर एकच: 'सतरा नंबरच्या बरणीतील स्पंज कॅल्केरिया वर्गातील नसून डेमो वर्गातील आहे. माझी चूक झाली. कृपया वहीत दुरुस्ती करावी.' वही. माझ्या स्वतःच्या वह्या आईने केव्हाच रद्दीत घातल्या होत्या. काम लवकर व्हावं म्हणून मी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरांच्या फोटोसकट हा मजकूर टाकला. पहिलं उत्तर आलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याखाली सतरा जणांनी हात जोडले. सरांना मी ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळे हात मोजले आणि म्हणाले, "सतराच? योग्य आहे. पण यांनी मजकूर वाचलेला नाही. प्रत्यक्ष जावं लागेल."

मग रविवारी माझ्या स्कूटीवर, मागे सर, त्यांच्या मांडीवर बरणी, अशी आमची वरात निघायला लागली. असोद्याला आमच्या पुढच्या तुकडीतली एक बाई होती, आता तिचं भरताच्या वांग्यांचं मोठं शेत. तिने आम्हाला भरीत-पुरी खायला घातली आणि सगळं ऐकून म्हणाली, "सर, मले तं तवाच वाटलं व्हतं." सरांनी पिशवीतून तिच्या तुकडीची गुणपत्रिका काढली. त्या प्रश्नाला तिला पाचपैकी पाच होते, कॅल्केरिया लिहून. "तसं वाटत होतं तर लिहायचं होतंस," सर म्हणाले. तिने आणखी दोन पुऱ्या वाढून विषय बदलला.

रावेरचा विद्यार्थी केळीच्या पॅकिंगमध्ये होता. त्याने लोड होत असलेला ट्रक थांबवला, कागद मिळेना म्हणून खोक्यावरच मार्करने दुरुस्ती उतरवून घेतली, सरांच्या पाया पडला आणि पुन्हा माल भरायला सांगितलं. ते खोकं मालासोबत दिल्लीला गेलं. उत्तर हिंदुस्थानातल्या कुठल्या तरी केळीवाल्याला त्या स्पंजाचा खरा वर्ग ठाऊक आहे, एवढं समाधान.

मी हसत होते, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. सर सगळीकडे जात होते आणि एका ठिकाणी जायचं टाळत होते. आमच्या तुकडीची हजेरी त्यांनी पिशवीत सगळ्यात खाली ठेवली होती.

शेवटी निरोप समारंभाच्या आदल्या आठवड्यात, कॉलेजच्या वेळात, ते म्हणाले, "मॅडम, एकेचाळीस सध्या कुठे असतो?"

एकेचाळीस म्हणजे परीक्षेच्या रांगेत माझ्यामागे उभा असलेला मुलगा. शिंदखेड्याचा, आप्पांच्याच गावाकडचा, बोलायला मुखदुर्बळ, पण हात असा की त्याने काढलेली बेडकाची आकृती उडी मारील असं वाटे. त्या दिवशी सतरा नंबरच्या टेबलावर मी माझं मिनिट संपवून पुढे सरकले. मग त्याच्यासाठी काचपट्टीवर नवा कण, नवा थेंब आणि त्याचं मिनिट. घंटी झाली. तो हलला नाही. सरांनी दुसऱ्यांदा घंटी वाजवली. तो सूक्ष्मदर्शकात डोळा घालून तसाच. मागचे मुलगे त्याच्या पाठीला चिकटले, परीक्षक हसायला लागले आणि सरांनी सगळ्यांसमोर त्याला हाताला धरून पुढे ढकललं. त्याने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं: 'फेस येतो. परंतु फेस खाली बसल्यावर सुया तशाच दिसतात. म्हणून सांगाडा चुनखडीचा नसावा.' सरांनी पाचपैकी शून्य दिलं आणि लाल शाईने शेरा मारला, 'निरीक्षण काळजीपूर्वक करावे.' दोन गुणांनी त्याचा पहिला वर्ग हुकला आणि त्याबरोबर एम.एस्सी.चा प्रवेशही. त्या प्रवेशाच्या यादीत माझं नाव होतं.

फेस बसायला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो. सरांच्या घंटेने इतक्या वर्षांत कोणालाच तो बसेपर्यंत थांबू दिलं नव्हतं. एकटा एकेचाळीस थांबला होता.

आम्ही सकाळच्या सुरत पॅसेंजरने निघालो. सरांच्या मांडीवर काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक, माझ्या मांडीवर बरणी. धरणगावला चढलेल्या एका आजीबाईंनी गाठोडं चाचपून विचारलं, "शिलाई मशीन शे का?" सर म्हणाले, "नाही अक्का, डोळा आहे." आजीबाईंनी सावरून बसत गाठोड्याला पाय लागू नये म्हणून पाय वर घेतले.

अमळनेर गेल्यावर मी सरांना सांगून टाकलं. "सर, त्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलाच नव्हता. नुसती वाकले. उत्तर पाठ होतं, तेच लिहिलं." इतकी वर्षं हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. ते पाच गुण मला टोचत होते असंही नाही, खरं तर मी ते विसरलेच होते. सतरा नंबर फेसाळायची थांबली तेव्हापासून मात्र मला नीट झोप नव्हती. सरांनी घड्याळ बघितलं. साडेनऊ वाजले होते. "मॅडम," ते म्हणाले, "पाच वाजायला फार वेळ आहे," आणि खिडकीबाहेर बघत बसले.

शिंदखेड्याला स्टेशनच्या रस्त्यावर एकेचाळीसचं दुकान होतं. थंड पाण्याचे जार भरून द्यायचे आणि घरोघरचे पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचे. दुकानाच्या दारात एका बादलीत चुना धरलेले फिल्टरचे भाग आम्लात पडलेले होते आणि बारीक फसफसत होते. सर त्या बादलीपाशी थबकले. आतून केस पांढरे व्हायला लागलेला एक माणूस ओले हात पुसत बाहेर आला, क्षणभर बघत राहिला आणि वाकून सरांच्या पाया पडला.

"सर, तुम्ही आठे? बसा. मी पानी आनस."

"पाणी नंतर," सर म्हणाले. त्यांनी काउंटरवरची जारची झाकणं बाजूला केली, लुगडं सोडून सूक्ष्मदर्शक मांडला, आरसा उजेडाकडे वळवला, बरणीतला कण काचपट्टीवर ठेवून वर थेंब टाकला. पिशवीतून एक कोरी उत्तरपत्रिका काढली. मग घंटा काढली. प्रवासात वाजू नये म्हणून तिच्या लोलकाला रुमाल बांधला होता, तो सोडला. "रोल नंबर एकेचाळीस. नमुना ओळखा."

तो हसला. माझ्याकडे बघितलं, मी ओळखीचं हसले, पण धड हसता आलं नाही. त्याने पेन घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाकडे मानही न वळवता लिहिलं, 'वर्ग कॅल्केरिया. सांगाडा चुनखडीचा.'

सरांनी कागद वाचला. "न बघता लिहिलंस?"

"तुम्हीच शिकाडं व्हतं ना, सर. तव्हा मी चुकनू." तो अगदी सहज बोलत होता, त्याच्या बोलण्यात कुठे खोच नव्हती. "तुम्ही लाल शाईमा लिखं व्हतं, निरीक्षण काळजीपूर्वक करावे. तव्हयपाईन मी बठ्ठं दोनदा देखस. मीटरवरला आकडा बी बायकोले दखाडीसन लिखस. माले मना डोयावर भरोसा नही."

आतल्या दारात त्याची बायको उभी होती. ती मान हलवून हसली, सगळं दोनदा बघायची आणि स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नसण्याची ही घरातली नेहमीची थट्टा असावी.

सर स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत त्यांना वर्गात बसलेलं मी पाहिलं नव्हतं. ते शिकवताना आणि परीक्षा घेताना कायम उभे असायचे. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. ट्रे, मे महिना, आप्पा, बोअरचं पाणी. एकेचाळीस ऐकत होता. मध्येच त्याने दारातल्या बादलीकडे बघितलं.

"महिनाभर बोरनं पानी?" तो म्हणाला. "मंग चुनाच व्हई ना, सर." आणि त्याला हसू आलं. रोज तो चुना खरवडणाऱ्या माणसाचं मोकळं हसू. ते मध्येच थांबलं. आपण कशाला हसतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"तू चुकला नव्हतास," सर म्हणाले. "फेस बसेपर्यंत थांबलास, एवढंच केलंस. मला थांबता आलं नाही. मी तुला ढकललं." "एम.एस्सी.चं मी काही करू शकत नाही. परीक्षा तेवढी पुन्हा घेऊ शकतो. बघ."

एकेचाळीसने हात पुन्हा एकदा नीट पुसले. वाकला, चाक फिरवून नजर जुळवली. बादलीतली फसफस तेवढी ऐकू येत होती. एक गिऱ्हाईक जार परत करायला आलं, तर सर हळू आवाजात म्हणाले, "परीक्षा चालू आहे, जरा थांबा." ते गिऱ्हाईक जार कडेवर घेऊन उभं राहिलं.

सरांच्या एका हातात घड्याळ होतं, दुसऱ्यात घंटा. मिनिट झालं. मी सरांच्या हाताकडे बघत होते. त्यांनी घंटेचा लोलक चिमटीत घट्ट धरून ठेवला होता. दुसरं मिनिट गेलं. एकेचाळीसने डोळा न काढताच चाचपून पेन उचललं, आधी लिहिलेलं उत्तर खोडलं आणि लिहायच्या आधी थबकला.

"सर, घंटी?"

"निवांत बघ," सर म्हणाले. "रांगेत आता तुझ्यामागे फक्त चाळीस आहे. तिचंही बघायचं राहिलंय."